तीन उत्तम कॉफी एकत्र केल्यावर चव का हरवते?

तुम्ही विचारले आहे की इथिओपियाची हलकी भाजलेली, ब्राझीलची मध्यम भाजलेली आणि सुमात्राची गडद भाजलेली अशा तीन कॉफी तुमच्याकडे आहेत. तिन्ही वेगवेगळ्या प्यायल्या तर आवडतात, पण त्यांचे दाणे समप्रमाणात मिसळून, दळून, कागदी फिल्टरमधून गाळले की कप सपाट, जरासा कडू आणि कशाचीच ओळख न पटणारा होतो, तेव्हा योग्य प्रमाण कोणते? प्रमाण मी पुढे देतो आहे. मात्र तुमच्या वर्णनात मला दोन वेगळ्या अडचणी दिसतात आणि त्या सुटल्याशिवाय कोणतेही प्रमाण उपयोगी पडणार नाही. पहिली अशी की तिन्ही दाण्यांना तुम्ही सारखी जागा दिली आहे, पण कोणी काय काम करायचे हे ठरलेले नाही. दुसरी अशी की तीन वेगळ्या भाजण्या तुम्ही एकाच दळणात आणि एकाच पाण्यात टाकल्या आहेत. कडवटपणा बहुधा या दुसऱ्या कारणाने आला आहे आणि सपाटपणा पहिल्या.

कॉफी भाजण्याचे आणि मिश्रणे बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, पण माझ्या टेबलावर जमलेले प्रमाण तुमच्या स्वयंपाकघरात तसेच्या तसे जमेल याची खात्री मी देऊ शकत नाही. तुमचे पाणी किती जड आहे, दाणे भाजून किती दिवस झाले आहेत, दळण यंत्रातून दळण कितपत एकसारखे येते आणि तुम्हाला आंबटपणा कितपत आवडतो, या चार गोष्टींवर बरेच अवलंबून आहे. म्हणून आकड्यांपेक्षा ते कसे काढायचे यावर मी जास्त लिहितो आहे.

मिश्रण म्हणजे चवींची बेरीज, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. इथिओपियाचा फुलांचा सुगंध, ब्राझीलचा खमंग गोडवा आणि सुमात्राचा दाटपणा असे तिन्ही एका कपात मिळतील, अशी अपेक्षा ठेवून बहुतेक जण मिश्रणाकडे वळतात. प्रत्यक्षात १५ ग्रॅम कॉफीपैकी ५ ग्रॅमच इथिओपियाची असेल, तर तिचा सुगंधही तेवढाच उतरतो, आणि शेजारी सुमात्राची मातकट, मसालेदार चव असली की तो उरलासुरला सुगंधही झाकला जातो. नाजूक चवी आधी बुडतात, उग्र चवी टिकतात. मिश्रणात प्रत्येक दाणा काहीतरी देतो आणि दुसऱ्याचे काहीतरी पातळ करतो, आणि समप्रमाणात हे पातळ होणे सर्वांच्या वाट्याला सारखेच येते. म्हणून मी नेहमी एक कॉफी पाया म्हणून धरतो, ती एकटी प्यायल्यावर तिच्यात काय कमी वाटते ते शोधतो आणि फक्त ती उणीव भरून काढणारा दुसरा दाणा आणतो. तिसऱ्या दाण्याला त्याचे काम सांगता आले तरच जागा मिळते.

कागदी फिल्टरमुळे या विचारात आणखी एक गोष्ट येते. कागद दाण्यातले तेल आणि बारीक भुकटी अडवतो, त्यामुळे कप स्वच्छ लागतो, आंबटपणा आणि सुगंध ठळक होतात, पण जिभेवर जाणवणारा दाटपणा कमी होतो. सुमात्रा सर्वसाधारणपणे तिच्या दाटपणासाठी घेतली जाते. तिथे दाण्यावरचे टरफल तो पुरता वाळण्याआधी, ओला असतानाच काढतात. या पद्धतीला गिलिंग बासाह म्हणतात, आणि त्या कॉफीचा मातकट, औषधी वनस्पतींसारखा स्वाद बराचसा त्यातून येतो. कागदातून गाळल्यावर ज्या दाटपणासाठी तुम्ही ती घेतली त्यातला मोठा भाग कागदावर राहतो आणि मातकटपणा मात्र कपात उतरतो. धातूच्या जाळीतून किंवा फ्रेंच प्रेसमध्ये हीच कॉफी वेगळी वागते. एस्प्रेसोच्या, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीच्या मिश्रणात दाटपणासाठी आणि वरच्या फेसासाठी रोबस्टा ही कडक, कडवट जात घालतात, तोही हिशेब कागदी फिल्टरला लागू पडत नाही. एस्प्रेसोसाठी लिहिलेली प्रमाणे म्हणूनच इथे आणू नयेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. दाणे मिसळण्याआधी तयार कॉफी मिसळून पाहावी, हा माझ्या कामातला सर्वांत उपयोगी धडा आहे. तीन सारख्या वाट्या घ्या, प्रत्येकीत एकेका कॉफीचे ११ ग्रॅम मध्यम भरड दळण घाला आणि नुकत्याच उकळलेल्या पाण्याचे २०० मिलिलिटर प्रत्येकीत ओता. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने ढवळून मोडा, त्या क्षणी वाटीजवळ नाक नेऊन वास घ्या, मग फेस काढून टाका आणि प्रत्येक वाटीतील कॉफी स्वतंत्र कागदातून गाळून घ्या. गाळून घेणे महत्त्वाचे, कारण तुमचा अंतिम कपही कागदातूनच येणार आहे. प्रत्येकीतून साधारण १७० मिलिलिटर कॉफी हाती येते आणि तेवढ्यात पुष्कळ प्रयोग होतात.

पहिल्यांदा तिन्ही वेगवेगळ्या चाखा आणि गरम, कोमट व जवळजवळ थंड अशा तीन अवस्थांत चाखा. गरम असताना कडूपणा आणि खमंगपणा पुढे असतो, तर आंबटपणाचे आणि गोडव्याचे खरे रूप कोमट झाल्यावर कळते. प्रत्येकीबद्दल दोनच वाक्ये लिहा, तिच्यात काय आहे आणि काय कमी आहे. मग रिकाम्या पेल्यात इथिओपियाचे पाच चमचे घ्या आणि ब्राझीलचा एक चमचा घालून चाखा. मग दुसरा, तिसरा, चौथा. अशा प्रयोगात इथिओपियाचा लिंबाच्या सालीसारखा टोकदार आंबटपणा पहिल्या चमच्याला फारसा हलत नाही, दुसऱ्याला किंचित बोथट होतो आणि तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास एकदम पिकलेल्या संत्र्यासारखा गोडसर लागू लागतो, असे मी अनेकदा अनुभवले आहे. आंबटपणा तेवढाच असतो, पण त्याला गोडव्याची जोड मिळालेली असते. असेच चमचे वाढवत गेले की पुढे कुठेतरी संत्रे हरवते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव उरते. कुठे संत्रे उगवले आणि कुठे मावळले, ही दोन टोके टिपून ठेवली की तुमचे प्रमाण त्यांच्या मध्येच कुठेतरी असते. सहा वेळा नवी कॉफी करून पाहण्यापेक्षा हे वेगाने होते आणि आधीची चव जिभेवर ताजी असल्यामुळे तुलनाही नीट होते.

या चाचणीची एक मर्यादा आहे आणि ती तुमच्या दुसऱ्या अडचणीशी जोडलेली आहे. चमच्यांच्या प्रयोगात प्रत्येक कॉफीचा अर्क स्वतंत्रपणे उतरलेला असतो, तर दाणे मिसळून दळले की तिन्हींना एकच दळण, एकच तापमान आणि एकच वेळ मिळते. भाजलेल्या दाण्याच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण सगळा उतरवायचा नसतो. अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात केलेल्या कामापासून १८ ते २२ टक्के हा पट्टा चवदार मानला जातो. आंबट घटक लवकर विरघळतात, गोडवा नंतर येतो, आणि त्याहून पुढे गेले की कडू-तुरट भाग वाढत जातो. गडद भाजलेला दाणा फुगलेला, सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. तो पाणी लवकर शोषतो, लवकर अर्क सोडतो आणि दळताना जास्त भुकटी करतो. हलका भाजलेला दाणा कठीण असतो आणि त्याला जास्त गरम पाणी व बारीक दळण लागते. तुमच्या मिश्रणात इथिओपियाचा गोडवा उतरेपर्यंत सुमात्रा कडूपणावर पोहोचलेली असते आणि सुमात्रा जिथे चांगली लागते तिथे थांबलात तर इथिओपिया कच्ची, आंबट राहते. दळणाची जाडी कितीही बदलली तरी दोघींपैकी एक नाराजच राहते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे मिश्रणासाठी जवळजवळ सारख्या भाजणीचे दाणे निवडणे. पिशवीवरच्या शब्दांवर विसंबू नका, कारण एकाची मध्यम भाजणी ही दुसऱ्याची गडद भाजणी असू शकते. दाण्याच्या बाहेरच्या रंगावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. दोन्ही कॉफी थोड्या दळून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी दाबून पाहा, आतला रंग खरा सांगतो. दाणा बोटांनी सहज मोडत असेल आणि पृष्ठभागावर तेलाची चमक असेल, तर तो फिल्टरच्या मिश्रणातल्या हलक्या दाण्याशी जुळणे अवघड आहे, असे समजावे. सुमात्रा हवीच असेल, तर तिची मध्यम भाजणी शोधावी. सध्याचीच पिशवी वापरायची असेल, तर ती वेगळी, दळण यंत्रावरच्या दोन-तीन खुणा जाड दळा आणि मग बाकीच्या दळणात मिसळा. जाड दळणामुळे तिचा अर्क सावकाश उतरतो आणि कडूपणा बराच आटोक्यात येतो. हा तात्पुरता इलाज आहे, पण काम करतो. पाण्याचे तापमान खाली आणून हा प्रश्न सोडवायला जाऊ नये, कारण त्यात इथिओपियाचे नुकसान आधी होते.

इथिओपियाच्या दाण्यांबद्दल एक वेगळी सूचना करतो. हे दाणे सहसा लहान आणि घट्ट असतात, त्यांची भुकटी जास्त पडते आणि कागदाची छिद्रे बुजून पाणी तुंबते. मिश्रणात त्यांचा वाटा वाढवला की एरवी तीन मिनिटांत गळणारे पाणी चार मिनिटे घेऊ शकते. त्या वेळी प्रमाण चुकले असे वाटते, पण दळण एक खूण जाड केले की चव जागेवर येते. म्हणून प्रत्येक वेळी पाणी गळून जायला लागलेली वेळ लिहून ठेवा. दोन मिश्रणांच्या वेळांत अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक असेल, तर त्यांची तुलनाच करू नका.

आता मोजमापाबद्दल. कृपया चमच्याने दाणे मोजू नका. भाजताना दाण्याचे वजन घटते आणि आकार वाढतो, त्यामुळे गडद दाण्यांचा एक चमचा हलक्या दाण्यांच्या चमच्यापेक्षा बराच कमी भरतो. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा इथे आवश्यक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या डब्यात मिश्रण करून ठेवू नका. यामागचे गणित अगदी साधे आहे. भाजलेला एक दाणा साधारण ०.१३ ग्रॅमचा धरला तर १५ ग्रॅममध्ये ११५ च्या आसपास दाणे येतात. त्यात एखाद्या कॉफीचा वाटा १० टक्के असेल, तर तिचे अवघे ११ किंवा १२ दाणे होतात. डब्यातून मूठभर दाणे काढताना ते कधी ८ येतील, कधी १५, आणि तुम्ही दोन दिवसांच्या कपांची तुलना करत बसाल तेव्हा प्रत्यक्षात ती दोन वेगळी मिश्रणे असतील. शिवाय डबा हलला की लहान दाणे तळाशी सरकतात आणि फुगलेले, मोठे दाणे वर येतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात सुमात्रा जास्त आणि शेवटच्या आठवड्यात इथिओपिया जास्त, असेही घडते. मोठ्या प्रमाणावर कॉफी करणाऱ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण एका वेळी हजारो दाणे दळले जातात. घरी एका कपासाठी प्रत्येक घटक दर वेळी वेगळा मोजून घ्यावा. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि प्रमाण रोज बदलण्याची मोकळीकही राहते.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पाण्यातील बायकार्बोनेट आंबटपणा मारते. तुमच्या किटलीत पांढरा थर लवकर जमत असेल, तर इथिओपियाचा तेज भाग तुमच्या कपात आधीच दबलेला असणार आणि तिचा वाटा माझ्या आकड्यापेक्षा वाढवावा लागेल. पाणी अगदी हलके असेल, तर उलट ब्राझीलचा वाटा वाढवा. ताजेपणाचेही असेच आहे. हलकी भाजलेली कॉफी भाजल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी खुलते, तर गडद भाजलेली आठवडाभरातच पिण्याजोगी होते आणि लवकर शिळीही होते. तीन पिशव्यांपैकी एक जरी शिळी असली, तरी तिची कागदी, पुठ्ठ्यासारखी चव संपूर्ण कपाला लागते. मिश्रणाला दोष देण्याआधी प्रत्येक पिशवीचा स्वतंत्र वास घेऊन पाहा.

कोणते दाणे एकमेकांशी जुळतात, याविषयी माझी मते ठाम आहेत, तरी ती मते म्हणूनच घ्यावीत. ब्राझील, कोलंबिया आणि ग्वाटेमाला पायासाठी उत्तम, कारण त्यांचा आंबटपणा मवाळ किंवा मध्यम असतो आणि गोडवा भरपूर. वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली इथिओपिया सुगंधासाठी घ्यावी, आणि केनिया घ्यायची असेल तर ब्लॅककरंट या फळासारख्या तेज आंबटपणासाठी, थोड्या प्रमाणात. फळासकट वाळवलेली, म्हणजे नॅचरल पद्धतीची इथिओपिया फार बोलकी असते. तिचा १० ते १५ टक्के वाटाही कपात बेरीचा वास आणतो आणि ३० टक्क्यांना दुसरे काही ऐकूच येत नाही. दोन तेज कॉफींचे मिश्रण मी टाळतो. केनिया आणि सुमात्रा यांचे मिश्रण मी एकदा मोठ्या उत्साहाने बसवायला घेतले होते. केनियात कधी कधी जी टोमॅटोसारखी छटा असते, ती सुमात्राच्या मातकटपणाला भेटली आणि कप शिजवलेल्या टोमॅटोच्या पाण्यासारखा लागू लागला. प्रमाण बदलून ते सुधारेल म्हणून मी दोन दिवस घालवले, पण ते सुधारले नाही. काही जोड्या कोणत्याच प्रमाणात जमत नाहीत, हे तेव्हा कळले.

जुळणारी जोडी कशी असते याचे उदाहरण म्हणून मोका-जावा पाहता येईल. सर्वांत जुने मानले जाणारे हे मिश्रण दोनच कॉफींचे होते. मोका या बंदरातून निघणारी येमेनची फळांच्या, वाइनसारख्या चवीची कॉफी आणि डचांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर लावायला सुरुवात केलेली दाट, सौम्य कॉफी. एकीने सुगंध आणि तेज द्यायचे, दुसरीने खालचा आधार. दोघींचे काम वेगळे आहे आणि कोणी कोणाच्या जागेत शिरत नाही. तुमच्याकडच्या इथिओपिया आणि ब्राझीलमध्ये हेच नाते आहे, म्हणून मी सुरुवात त्या दोघींपासून करायला सांगेन.

एका कपासाठी ब्राझील ९ ग्रॅम आणि इथिओपिया ६ ग्रॅम घ्या, म्हणजे ६० आणि ४० टक्के. दळण मध्यम ठेवा, पाणी २५० मिलिलिटर आणि ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास. आधी ४५ मिलिलिटर पाणी ओतून ४० सेकंद थांबा आणि उरलेले तीन-चार हप्त्यांत ओता, म्हणजे एकूण वेळ तीन मिनिटांच्या आसपास येईल. चमच्यांच्या चाचणीत तुमचे संत्रे वेगळ्या जागी सापडले असेल, तर माझे आकडे सोडून तुमचे वापरा. सुगंध अधिक हवा असेल, तर दुसऱ्या टोकाला इथिओपिया १०.५ ग्रॅम आणि ब्राझील ४.५ ग्रॅम करून पाहा. तिथे इथिओपिया पाया होते आणि ब्राझील केवळ तिची धार कमी करते. एका दिवशी एकच गोष्ट बदला, प्रमाण किंवा दळण. दोन्ही एकदम बदलले तर काय कशामुळे झाले ते कळत नाही.

या दोघींचा कप मनासारखा झाला आणि तरीही घोट गिळल्यावर चव लवकर संपते असे वाटले, तरच सुमात्रा आणा, तीही १.५ ग्रॅम, ब्राझीलमधून वजा करून आणि जाड दळून. म्हणजे ७.५, ६ आणि १.५. एवढ्याने घोटानंतर मागे रेंगाळणारी कोकोसारखी, किंचित मसालेदार चव मिळायला हवी. ती खरोखर मिळते आहे की केवळ घातली म्हणून वाटते आहे, हे तपासण्यासाठी घरातल्या कोणाला तरी तीन सारखे पेले भरायला सांगा. दोन पेल्यांत एक मिश्रण आणि तिसऱ्यात दुसरे, तुम्हाला न सांगता. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांतून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून हे निदान तीन वेळा करा. वेगळा पेला सापडला नाही, तर सुमात्राला मिश्रणातून काढा आणि तिचा कप स्वतंत्र करून प्या. तुम्हीच लिहिले आहे की ती एकटी तुम्हाला आवडते. वेगळा पेला सापडला आणि तोच अधिक आवडला, तर २ ग्रॅमपर्यंत जा. त्याच्या पुढे गेलात की फुलांचा सुगंध दिसेनासा होण्याची शक्यता जास्त आहे.

इथिओपियाची पिशवी संपून नवी येईल तेव्हा नाव तेच असले तरी हंगाम आणि भाजणी बदललेली असू शकते, म्हणून जुने आकडे लगेच वापरू नका. दोन वाट्या, पाच चमचे आणि एक कागद घेऊन संत्रे पुन्हा कुठे सापडते ते पाहा. तिन्ही पिशव्यांवरील भाजल्याच्या तारखा, तुमच्या किटलीत थर जमतो की नाही आणि पाणी गळून जायला लागलेली वेळ कळवलीत, तर तुमच्यासाठी आकडे आणखी नेमके करून देता येतील.